जुन्या डोळ्यातलं संत्रं

कारखान्यात त्यांना फळवाले काका म्हणत. नव्याने लागलेल्या माणसाला वाटे, काका सुट्टीच्या दिवशी फळांची गाडी लावत असतील. मग तो भट्टीपाशी जाऊन उभा राही. काका भट्टीच्या दारातल्या बोटभर भोकाला डोळा लावून म्हणत, "अजून गाजर आहे. घाई नको." पाच-सात मिनिटांनी म्हणत, "आलं संत्रं. काढा." तेव्हा त्याला उलगडा होई.

काम लोखंडाला पाणी देण्याचं. पाणी कसलं, तेलच ते. तापवून लाल केलेले सुटे भाग तेलाच्या हौदात बुडवले की कडक होतात, पण म्हणायचं पाणी देणंच. किती तापवायचं यावर सगळा खेळ. कमी तापलं तर भाग मऊ राहतो, जास्त तापलं तर ठिसूळ होतो. काकांच्या लेखी काळ्या लोखंडाला आधी डाळिंबाचा रंग चढे, मग गाजराचा, मग संत्र्याचा. संत्र्यावर काढायचं. लिंबापर्यंत गेलं तर भंगारात. चाळीस वर्षांत त्यांनी लिंबू तीनदाच होऊ दिलं होतं आणि त्या तिन्ही खेपा त्यांना वारासकट पाठ होत्या.

तापमान दाखवायला यंत्र नव्हतं असं नाही. भट्टीच्या मागच्या भिंतीत तार बसवलेली होती आणि तिचा आकडा दाराशेजारच्या डबीवर लाल अक्षरांत उमटे. पण तो आकडा मागच्या भिंतीचा. दारापासच्या ओळीचं काय चाललंय ते त्याच्या गावीही नसे. काकांनी एकदा काकूंना समजावून सांगितलं होतं, "तापलेलं लोखंड गप्प बसत नाही. ते चहूकडे ऊब फेकत असतं. मधल्या ओळींचं बरं असतं, त्या जेवढं देतात तेवढं शेजारणी परत करतात. दारापासची ओळ मात्र दाराकडे तोंड करून बसलेली. दार आतल्यापेक्षा गार. तिने दिलेलं दार काही पुरतं परत करत नाही."

"म्हणजे थोरल्या जावेसारखं," काकू म्हणाल्या होत्या.

चाचणीच्या खोलीत मालकांची मुलगी बसे. ताई शिकलेली, पण शिकल्याचा तोरा नाही. तिने कागदावर आकडे मांडून सांगितलं होतं, की साडेसातशे अंशांचे साडेआठशे झाले, तर लोखंड फेकतं ती उष्णता जवळजवळ दीडपट होते. आकडा थोडा वाढतो, गळती भरमसाट.

"तेच म्हणतोय मी," काका म्हणाले होते. "गाजरापर्यंत दारापासची ओळ बरोबरीने चालते. तिथून पुढे दमते. तिच्यासाठी थांबायला लागतं."

त्यांची सगळी कारागिरी या थांबण्यात होती. आकडा म्हणे झालं. मागच्या ओळी म्हणत झालं. काका भोकाला डोळा लावून दारापासच्या ओळीची वाट बघत, आणि तिला संत्रं चढलं की मगच हात वर करत. ताई कडकपणा तपासायची तेव्हा पुढची पिन आणि मागची पिन एकसारखी निघायची. यात मालकांना नवल वाटत नसे. सूर्य उगवतो, तसे काकांचे भाग कडक निघतात.

काकू घरी रफूचं काम करत. जळलेल्या बाह्या, उंदरांनी कुरतडलेले कोट, खिळ्याला अडकून फाटलेल्या नव्याकोऱ्या पँटी. रफूचं काम म्हणजे अर्धं सुईचं आणि अर्धं रंगाचं. त्यांच्याकडे लाकडी पेटीत तीनशेच्या वर रिळं होती, नुसत्या करड्या रंगाचीच एकोणीस. लोक म्हणायचे, तुमच्या हातात जादू आहे. काकू म्हणायच्या, हातात काही नाही, सगळं खिडकीपाशी बसण्यात आहे.

एकाच घरात दोन माणसं रंगावर पोट भरत होती, आणि त्याबद्दल एकमेकांशी कधी बोलली नव्हती. बोलायचं सुचलंही नसतं. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात बोलायला गळके नळ पुरतात.

काकांचा उजवा गाल डाव्यापेक्षा काळवंडलेला होता, कारण भट्टीच्या दाराला तो रोज सामोरा असे. मोतीबिंदूही उजव्याच डोळ्यात आधी पिकला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांचा चेहरा एकदा नीट बघितला आणि विचारलं, "भट्टीचं काम का?" काकांना एवढा आनंद झाला, जणू त्यांनी जन्मकुंडलीच वाचली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोळ्यातली काच पिवळी पडलीय, चहाच्या गाळणीसारखी. दोन्हीतली. आधी उजवी बदलू, मग दोन महिन्यांनी डावी."

पट्टी निघाली त्या सकाळी काका घरभर हिंडले.

"ही भिंत पांढरी आहे?"

"लावल्यापासून."

"मी साय रंगाची समजत होतो."

"साय रंगाची तुम्हाला हवी होती. मी पांढरी लावून घेतली. दहा वर्षं तुम्ही खूश आहात."

काका हसले. मग पडद्यांशी गेले, मग आरशाशी, मग काकूंच्या समोर येऊन उभे राहिले आणि बराच वेळ बघत राहिले.

"काय?" काकू म्हणाल्या.

"तू एवढी पांढरी कधी झालीस?"

"तुमच्या भिंतीबरोबरच," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या. आत जाऊन त्यांनी केसांवरून हात फिरवला. वाईट वाटलं नाही, पण उगाच कुणी दार न वाजवता आत आल्यासारखं वाटलं.

पंधरा दिवसांनी काका कामावर गेले. पाचव्या दिवशी संध्याकाळी घरी आले ते बूट न काढता खुर्चीत बसले.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"पाणी दे." मग पाण्याचा पेला हातात धरून म्हणाले, "माझ्या हातून मऊ माल गेला."

झालं होतं ते असं. त्या दुपारी भोकाला डोळा लावलेला असताना उजव्या डोळ्यात घाम उतरला म्हणून काकांनी तो मिटला आणि डाव्याने बघितलं. आत गाजर होतं. घाम पुसून उजव्याने बघितलं, संत्रं. पुन्हा डाव्याने, गाजर. त्यांना आधी भट्टीचाच संशय आला. मग लक्षात आलं. नवा डोळा सगळंच उजळ दाखवत होता. गाजरालाच संत्रं म्हणत होता. आणि आल्यापासून पाच दिवस काका त्याच डोळ्याने बघत होते.

आधीच्या चार दिवसांत एकच खेप निघाली होती, दोनशे पिनांची. गॅरेजमध्ये गाडी उचलून धरणारी लिफ्ट असते, तिच्या पिना. ताईने नेहमीप्रमाणे दोन तपासल्या होत्या. दोन्ही नेमक्या मागच्या ओळींतल्या निघाल्या, कडक. माल आदल्या दिवशीच रवाना झाला होता.

"मग?" काकू म्हणाल्या.

"मग काय. मालकांकडे गेलो आणि सांगितलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, काका, कुणी विचारलं होतं का तुम्हाला?" काकांनी पेला खाली ठेवला. "वाईट मनाने नाही म्हणाले. तोंडून निघून गेलं त्यांच्या. मग लगेच फोन लावला."

पिना परत आल्या तेव्हा त्यातल्या अठरा मऊ निघाल्या, जवळजवळ सगळ्या दारापासच्या ओळीतल्या. चार पिना एका गॅरेजात बसवूनही झाल्या होत्या. निरोप पोचला तेव्हा गाडी वर होती आणि तिच्याखाली एक माणूस उताणा पडून काम करत होता. त्या चारांतली एक मऊ होती. ती जरा वाकलेली होती. अगदी जराशी, ताई म्हणाली, बोट फिरवलं तरच कळेल एवढी.

काकांनी त्या पिनेवरून बोट फिरवलं होतं. घरी ते त्याबद्दल बोलले नाहीत. पण त्या आठवड्यात काकूंनी त्यांना दोनदा पाहिलं, जेवता जेवता अंगठा बोटावर घासताना.

मालकांनी त्यांना काढलं नाही. "काही दिवस घरी बसा," एवढंच म्हणाले. काका म्हणाले, "डावा डोळा जुनाच आहे. उजवा झाकून करतो." दुसऱ्या दिवशी काकूंनी काळ्या कापडाची दुहेरी पट्टी शिवून दिली, आत मऊ अस्तर घालून. काका नव्या, लखलखीत दिसणाऱ्या डोळ्यावर झाकण घालून जुन्या, गढूळ डोळ्याने काम करायला लागले. लोकांना हसू आवरेना. "फळवाले काकांनी दुकान अर्धं बंद केलं," असं कुणीतरी म्हणालं. ते ताईने फोनवर काकूंना सांगितलं, आणि पुढे म्हणाली, "पण माल पुन्हा एकसारखा निघतोय हं."

मग डाव्या डोळ्याची तारीख आली, आणि काका म्हणाले, "पुढच्या महिन्यात बघू."

पुढच्या महिन्यात म्हणाले, "एवढी काय घाई आहे."

तिसऱ्या वेळी काकूंनी सुई ठेवली. "अहो, डॉक्टरीणबाई म्हणाल्या ते ऐकलंत ना? जास्त पिकू दिलं तर शस्त्रक्रिया अवघड जाते."

"ऐकलं."

"काल दुधाचं भांडं टेबलाबाहेर ठेवलंत."

"ते निसटलं."

"निसटलं नाही. टेबल संपलं होतं. आणि दारावर मारे दोन दोन कुलपं लावता. चोर आला तर कुठल्या डोळ्याने बघणार?"

"उजव्या. तो घरासाठीच ठेवलाय."

"आणि डावा?"

काकांनी डाव्या डोळ्याची पापणी चोळली.

"एका डोळ्यावर किती दिवस काढणार?"

"संसार दोन्ही डोळे मिटून केला की. आता एकाने निभेल."

एरवी काकू हसल्या असत्या. त्या हसल्या नाहीत म्हणून काकाही थांबले. मग खाली बघत म्हणाले, "अगं, तुला कळत नाही. संत्रं याच डोळ्यात आहे. हा काढला की मी भट्टीपाशी आंधळा. मग मला बसवतील गेटवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम करायला. नाहीतर घरी, तुझी रिळं गुंडाळायला."

"आणि नाही काढला तर? हाही जाणारच आहे. मग कुठे बघणार संत्रं?"

"जाईपर्यंत तर आहे."

काकूंना वाटलं, हा माणूस चाळीस वर्षं लोखंडाला पाणी देतोय, ते काही फुकट गेलं नाही. त्याला वाकवणं मुश्कील होतं. त्यांनी उसवलेला कोट पुन्हा हातात घेतला, पेटी उघडली, करड्या रंगाची तीन रिळं काढून कापडाशेजारी धरली आणि तिथेच त्यांचा हात थांबला.

"एक विचारू?"

"विचार."

"तुम्ही संत्रं कशाशी ताडून बघता?"

"कशाशी म्हणजे? डोक्यात आहे."

"बघा!" काकू म्हणाल्या. "तरीच. आमच्यात कुणी रंग डोक्यात धरून दुकानात जात नाही. कापड घेऊन जातो आणि दोरा त्याच्यावर ठेवून बघतो. मग डोळा जुना असो, नवा असो, चष्मा असो. फरक पडला तर दोघांनाही सारखाच पडतो."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. "लोखंडावर दोरा ठेवू?"

"शेजारी धरा. मी आणते पेटी."

अशा रीतीने इतक्या वर्षांत पहिल्यांदा काकू भट्टीपर्यंत गेल्या. लग्नाच्या वर्षी एकदा फाटकातून परत आल्या होत्या, तेवढंच. त्या दिवशी दुपारी मालक बाहेर गेले होते. ताईने त्यांना खुर्ची दिली, पण काकू उभ्याच राहिल्या. पत्र्याचं उंच छप्पर, तेलाचा वास, हौदाच्या कडेला काळा थर. आणि ती भट्टी, जिच्याबद्दल त्यांनी इतकं ऐकलं होतं, की ती सवतीसारखी देखणी तरी असेल असं त्यांना वाटलं होतं. होती एका कपाटाएवढी विटांची पेटी. मात्र दारापासून चार पावलांवरही तोंडावर ऊब लागत होती. मधली हवा तर गारच होती. वारा नाही, ज्वाळा नाही, आणि गाल मात्र भाजतोय. काकूंनी नकळत काकांच्या उजव्या गालाकडे बघितलं.

"इथून बघ," काका म्हणाले. "पापणी लवू दे. टक लावू नकोस."

काकूंनी भोकाला डोळा लावला. आत उजेडच उजेड होता, आणि त्या उजेडात ओळीने उभ्या पिना, उजेडाच्याच बनलेल्या. मागच्या कुठे संपतात आणि भिंत कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. पुढची ओळ तेवढी वेगळी उठून दिसत होती, किंचित काळसर.

"बाई गं," काकू हळूच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "या पुढच्या बिचाऱ्या गारठल्यात."

"त्याच त्या. दारापासच्या."

मग त्यांनी दोरे काढले. शेंदरी, नारिंगी, केशरी, भगवा अशी अकरा रिळं. ताईने दिवा धरला. काकांनी पट्टी काढली आणि एकेक रीळ भोकाशेजारी धरून आधी डाव्या डोळ्याने बघितलं, मग उजव्या. पण एकही जुळेना. रिळावर रंग होता, आत उजेड होता. आतल्या उजेडावरून नजर काढून दोऱ्यावर आणली, की दोरा मेल्यासारखा दिसे. सगळे अकरा मातकट.

"तुमची युक्ती बरोबर आहे, काकू," ताई म्हणाली, "पण दोराही तापलेला हवा. दोघांनी आपापला उजेड टाकला तरच तुलना होईल."

"तापवला तर जळेल की."

"म्हणून तर."

काकूंनी रिळं पेटीत ठेवायला घेतली. एक नारिंगी रीळ काकांच्याच हातात राहिलं होतं. ते मात्र दरवाजाबाहेरच्या उन्हात जाऊन उभे होते आणि रीळ डोळ्यांसमोर धरून एकदा उजवा डोळा झाकत होते, एकदा डावा. बराच वेळ. काकू शेवटी जवळ गेल्या.

"काय बघताय?"

"हे कुठल्या रंगाचं आहे गं?"

"नारिंगी. संत्र्याच्या सालीचं."

"डाव्याला विटेसारखं दिसतंय." त्यांचा आवाज अगदी साधा होता, हवेबद्दल बोलावं तसा. "मला वाटायचं, मी म्हणतो ते संत्रं तिथे आत आहे. लोखंडात. आणि नव्या डोळ्याला ते दिसत नाही. तसं नाहीये. ते आत कधीच नव्हतं. माझ्या डोळ्यातली काच पिवळी होत गेली, आणि मी तिच्याबरोबर हळूहळू सरकत गेलो. मला पत्ताही नाही. बाजारात रोज संत्री बघत होतो, तीही त्याच काचेतून."

काकूंनी रीळ त्यांच्या हातातून घेतलं.

"पण माल तर चांगला निघायचा," त्या म्हणाल्या.

"निघायचा." काकांनी मान हलवली. "तेच नवल आहे."

दोघं परत आत आली. काका पुन्हा भोकाशी गेले. ताईने आकडा वाचला. मागच्या ओळी केव्हाच तयार होत्या, सगळा माल दारापासच्या ओळीसाठी खोळंबला होता.

काकू म्हणाल्या, "एक वेडपट प्रश्न विचारू?"

"आता काय?"

"ही पुढची ओळ भरताच कशाला? मी खिडकीकडच्या बाजूला झोपते. खिडकी गच्च बंद असते, वाऱ्याची झुळूक नाही, तरी थंडीत त्या बाजूचा खांदा गार पडतोच. दोन पांघरुणं घेतली तरी. शेवटी मी काय केलं? पलंग वीतभर आत सरकवला. खिडकीशी भांडत नाही बसले."

ताईने चटकन वर बघितलं. काकांनी मात्र तिच्याकडे बघितलं नाही. त्यांचा चेहरा कधी नव्हे तो कठीण झाला.

"चाळीस वर्षं भरत आलोय ती ओळ," ते म्हणाले. "ती भरता येते म्हणून तर मी आहे इथे. नाहीतर आकडा बघून दार कुणीही उघडेल."

मग पट्टी बांधून त्यांनी डावा डोळा भोकाला लावला, वाट बघितली, हात वर केला. पिना तेलात गेल्या, भसकन धूर उठला. काकू पेटी घेऊन एकट्याच घरी आल्या. आपण भलत्या जागी टाका घातला, असं त्यांना वाटेभर वाटत राहिलं.

त्यानंतरचे आठ दिवस घरात बोलणं कमी झालं. भांडण नव्हतं. काका वेळेवर येत, वेळेवर जेवत. एकदा त्यांनी स्वतःच पलंगाखाली वाकून बघितलं, पाय खरंच सरकवलेत का ते. फरशीवर जुन्या जागेचे चार डाग होते. ते उठले आणि त्यांनी गुडघे झटकले.

नवव्या दिवशी सकाळी बूट घालता घालता म्हणाले, "डॉक्टरीणबाईंकडे तारीख घे."

काकूंनी लगेच वर बघितलं नाही. दाताने दोरा तोडला. "कुठली?"

"मिळेल ती." मग बुटाची नाडी ओढत म्हणाले, "रात्रीपासून विचार करतोय. ती पिन वाकली होती ना, तिच्याखालचा माणूस. त्याला काय फरक पडतो, मी कुठल्या डोळ्याने बघितलं? तो मला ओळखतही नाही. मी त्याला माझ्या डोळ्यावर निजवला होता."

शस्त्रक्रिया झाली. या वेळी पट्टी निघाल्यावर काका घरभर हिंडले नाहीत. खिडकीपाशी बसले. बाहेर उन्हात वाळत घातलेले कपडे होते, निळे, पांढरे, लाल. ते बघत राहिले. काकूंनी चहा आणून ठेवला.

"कसं दिसतंय?"

"छान," काका म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "सगळं छान दिसतंय. ते एक तेवढं गेलं. आठवून बघतो, पण आठवायलाही आता याच डोळ्यांनी आठवायला लागतं."

काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग रफूचं काम घेऊन शेजारीच बसल्या. एरवी या वेळी त्या स्वयंपाकघरात असत.

काका कामावर रुजू झाले त्या दिवशी काकूंचा जीव टांगणीला लागला होता. एकदा सुई बोटात गेली, एकदा निळ्या कापडाला काळा दोरा घातला आणि उसवत बसल्या. नेहमीची वेळ झाली, टळली. बाहेर दिवे लागले. काकूंनी दोनदा ताईला फोन लावायला घेतला आणि दोनदा खाली ठेवला. शेवटी जिन्यावर पावलं वाजली. काका आत आले आणि बूट काढून मोरीकडे गेले. बराच वेळ पाणी वाजत राहिलं. बाहेर आले तेव्हा उजवा अंगठा डाव्या मुठीत धरला होता.

"काय झालं अंगठ्याला?"

"दुखतोय. एकशे ऐंशी पिना एकेक करून चाचणीच्या यंत्राखाली धरल्या."

"सगळ्या? दोनच तपासतात ना?"

"ताईला म्हटलं, आज सगळ्या. मी धरतो, तू वाच. तिनेही वाचल्या, बिचारीने. एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही."

काकूंनी विचारलं नाही. ताट वाढायला लागल्या. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्या वळल्या. "एकशे ऐंशी? खेप तर दोनशेची असते."

"असायची." काका पाटावर बसले. "दारापासची ओळ रिकामी ठेवली. मालक म्हणाले, वीस कमी? म्हटलं, वीस कमी. यापुढे कायम. चिडले जरा. म्हणाले, काका, तुम्हीच तर ती भरून दाखवायचात. म्हटलं, दाखवायचो. आता भिंतीवर लिहून ठेवा, म्हणजे मी नसतानाही कुणी भरायला नको."

"लिहिलं?"

"मीच लिहिलं. खडूने. उद्या रंगाने लिहीन."

काकूंनी ताट समोर ठेवलं. "आणि पिना?"

"एकही मऊ नाही." काकांनी पहिला घास घेतला, चावला, गिळला. मग म्हणाले, "आज आकडा बघून दार उघडलं. भोकाला डोळा लावलाच नाही."

ते सांगताना त्यांचा आवाज एकदाच, जरासा अडखळला. काकूंनी वर बघितलं नाही. त्यांनी पाण्याचा तांब्या त्यांच्या डाव्या हाताशी सरकवला, म्हणजे दुखरा अंगठा वापरायला नको.